बारा सैनिक आणि एक पर्यटक

आयर्लंड कुणाच्या भांडणात पडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसऱ्यांचं भांडण झालं की केरसुणी घेऊन मात्र हा देश सगळ्यांच्या आधी हजर. बुडणाऱ्यांना काढ, जखमींना उचल, तहानलेल्यांना पाणी दे. ह्या कामात देशाचं नाव मोठं, नावाचा अभिमान त्याहून मोठा, आणि सैन्य तेवढं छोटं. तेही उठसूट बाहेर जाऊ नये म्हणून दाराला तीन कुलपं लावलेली. एक किल्ली संयुक्त राष्ट्रांकडे, एक मंत्रिमंडळाकडे, एक संसदेकडे. बारा माणसांपर्यंत मात्र कुलूपबिलूप काही नाही. बारा सैनिक परदेशी गेले तरी देश तटस्थ, तेरावा निघाला की तीन किल्ल्या शोधत फिरा. बाराच का, असं विचारलं तर कुणी येशूच्या बारा शिष्यांकडे बोट दाखवतं. त्या बारांतही एक फितूर निघाला होता, ते सोयीस्करपणे विसरून.

सार्जंट डर्व्हला टूही ह्या नियमावर बेहद्द खूश होती, कारण यादीत तिचा नंबर तेरावा होता.

त्या वर्षी युरोपच्या पूर्वेकडे एका लढाईतून पळून आलेली चार हजार माणसं नदीकाठच्या एका छावणीत येऊन पडली. युरोपातल्या देशांनी मिळून मदतीची मोहीम काढली. कुणी तंबू दिले, कुणी पहारा दिला, कुणी सल्ला दिला. आयर्लंडने पाणी द्यायचं ठरवलं. म्हणजे नदीचं गढूळ पाणी पिण्यालायक करणारं एक यंत्र आणि त्याच्यासोबत बारा माणसं. पहिली यादी पंधरांची होती. आधी आचारी कापला. जेवण इटलीवाले देतील म्हणाले. मग पाद्री कापला; रविवारची प्रार्थना फोनवर होईल म्हणाले. आणि मग डर्व्हला कापली गेली. यंत्र कसं चालवायचं ह्याची पुस्तिका तिनेच लिहिली होती, पण ती वाचलेला एक माणूस जात होता ना! कॉर्पोरल टायग लाइन. तो तिच्याच हाताखाली शिकलेला.

डर्व्हलाला काडीचंही वाईट वाटलं नाही. तिची नेसा दहा महिन्यांची होती. बाळंतपणाची रजा संपवून ती किलकॅरिकच्या छावणीतल्या कार्यशाळेत परतली, त्याला दोन महिने झाले होते. आणि तेव्हापासून ती चौदा दिवस जपत होती. पाच जुलैपासून चौदा दिवसांची हक्काची रजा, मंजूर, शिक्क्यासकट. केरी परगण्यात इंचच्या किनाऱ्यावर एक कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, ठरवली होती. नेसाने अजून समुद्र पाहिला नव्हता. तिच्या बापाची अख्खी नोकरी समुद्रावर, पण त्यालाही पाहायला मिळत नव्हता. फिन्टन नौदलात होता. त्याच्या जहाजावर पुरेसे खलाशी नव्हते म्हणून जहाज धक्क्याला बांधलेलं, आणि जहाज बांधलेलं म्हणून उरलेले खलाशीही नोकरी सोडून चाललेले. तेव्हा देशाची सागरी सीमा सध्या देवाच्या हवाली होती आणि नेसा फिन्टनच्या.

"सकाळी लंगोट, दुपारी सफरचंदाचा गर, संध्याकाळी पुन्हा लंगोट," तो म्हणायचा. "एवढा कामात मी भरसमुद्रातसुद्धा नव्हतो गं."

जूनच्या मध्याला टायगचं आंत्रपुच्छ फुटलं.

तिकडच्याच एका इस्पितळात त्याचं पोट कापलं. इकडे यंत्राने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी तेही आजारी पडलं. मायदेशी ठरलं, की टायग सकाळच्या विमानाने परत येईल आणि डर्व्हला त्याच सकाळी निघेल. एक आत, एक बाहेर, बेरीज बारा. पुढच्या गुरुवारी तिच्या जागी दुसरा कुणी तयार होईल, मग तीही घरी. जेमतेम आठवड्याची बाब. डर्व्हलाने नेसाच्या टाळूवर ओठ टेकवले, दूध काढायचा हातपंप पिशवीत टाकला आणि निघाली.

ती शेजारच्या देशात उतरली, तीन तास जीपमधून हाडं खिळखिळी करून घेत नदीवर पोचली. पलीकडे छावणीचे पांढरे तंबू दिसत होते. मध्ये पूल, पुलाच्या मध्यावर रंगवलेली एक पांढरी रेघ, ती सरहद्द. ती रेघेपासून वीस पावलांवर असताना फोन वाजला.

"सार्जंट टूही? मी प्रेंडरगास्ट बोलतोय." हे वरच्या ऑफिसातले गृहस्थ. आवाज इतका मऊ, की नाही म्हणाले तरी ऐकणाऱ्याने आभार मानावेत. "तुम्ही नेमक्या कुठे आहात?"

"पुलावर."

"अरे वा. कुठल्या बाजूला?"

"अलीकडे. का?"

"मग तिथेच थांबा हं. एक पाऊलसुद्धा पुढे टाकू नका. कॉर्पोरल लाइन विमानात बसलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात, दहा दिवस हलवायचं नाही."

"मग?"

"मग ते अजून मोहिमेवर आहेत. म्हणजे बारा. तुम्ही रेघ ओलांडलीत की तेरा."

"पण तो खाटेवर पडलाय! त्याला उठून बसता येत नाही!"

"नियमात उठून बसण्याचा उल्लेख नाही," प्रेंडरगास्ट हळुवारपणे म्हणाले.

"आणि मी आत्ता परदेशातच आहे ना? मग आत्ताच तेरावी नाही का झाले?"

"नाही नाही. त्याची मी व्यवस्था केलीय. ह्या क्षणी तुम्ही प्रशिक्षणावर आहात."

"कसल्या प्रशिक्षणावर?"

"तो रकाना अजून भरायचाय."

सरहद्दीवरच्या चौकीत तिला एक खुर्ची मिळाली. पलीकडून कमांडंट मॅलकी कल्हेन पुलावर आला. बारांचा प्रमुख, आणि एरवी किलकॅरिकच्या छावणीचाही. मूळचा तोफखान्यातला, बैलासारख्या खांद्यांचा आणि गाईसारख्या डोळ्यांचा माणूस. रेघेच्या त्या बाजूला येऊन उभा राहिला. ही ह्या बाजूला. कुंपणावरून बोलणाऱ्या दोन शेजाऱ्यांसारखे.

"ये गं, डर्व्हला. प्रवास कसा झाला?"

"प्रवासाचं राहू द्या, सर. पाणी किती उरलंय?"

"बाटल्यांचं दोन दिवस पुरेल, नाहीतर तीन. तान्ह्या पोरांचा हिशेब धरला तर दोनच. काहींना जुलाब सुरू झालेत."

"मग तुमच्यातल्या एकाला इकडे पाठवा, मी तिकडे येते. हा इथे खुर्चीत बसेल. झाले ना बारा?"

"तू काय समजतेस, मला सुचलं नाही होय? विचारलं मी. ते म्हणाले, तो इकडे बसला तरी मोहिमेवरच धरायचा. घरी पोचेपर्यंत सुटका नाही. आणि लष्कराचं विमान गुरुवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो, म्हणजे कालचं उशिरा निघून आज सकाळीच गेलं, टायगला न घेता."

"साध्या विमानाने पाठवा एखाद्याला!"

"त्यासाठी तीन कंपन्यांचे दर मागवावे लागतात. मागवलेत. एकीने उत्तर दिलंय." कल्हेनने टोपी काढून डोकं खाजवलं. "येशू, मेरी आणि जोसेफ! अगं, परवा इटलीच्या कॅप्टनने विचारलं, की तुम्ही कुणाच्या बाजूने आहात. म्हटलं, बाबा, आम्ही पुलाच्या बाजूला आहोत."

दोघं हसली. मग पलीकडून कुठूनतरी एक मूल रडायला लागलं, थांबेचना, आणि डर्व्हलाच्या छातीत टच्च दाटून आलं. शरीराला कुठलं मूल कुणाचं ते समजत नाही. ती चौकीच्या मागच्या खोलीत गेली, दार लावलं आणि पंप काढला.

बाहेर आली तेव्हा हातात दुधाची बाटली होती आणि ती ओतायला मोरी शोधत होती. चौकीत एक बाई औषधांच्या खोक्यावर सह्या करत बसली होती. छावणीतली नर्स ल्यूबा. वाळक्या शेंगेसारखी अंगाने, डोळे मात्र धारदार. रोज दोनदा पूल ओलांडायची, तिला कुणी अडवत नसे.

"ते काय? फेकणार?"

"मग काय करू? माझी लेक दोन हजार किलोमीटरवर आहे."

"आण इकडे." ल्यूबाने बाटली हातातून घेतलीच. "आमच्याकडे अठरा दिवसांचा एक आहे. आई आटलीय. पावडर आहे, पण ती कालवायला पाणी कुठाय? तू निरोगी आहेस ना? कसली औषधं घेतेस?"

"नाही. म्हणजे, निरोगी आहे. औषधं नाहीत."

ल्यूबाने बाटली पदराखाली घ्यावी तशी कोटात घातली आणि टाचा वाजवत निघून गेली. डर्व्हला रेघेपर्यंत तिच्यामागे गेली आणि थांबली. तिच्या अंगातलं दूध पलीकडे गेलं. ना कुणी मोजलं, ना कुठल्या किल्लीची गरज पडली.

संध्याकाळी कल्हेनला वाटलं, आपण फोनवरून यंत्र दुरुस्त करू. तोफखान्यातला माणूस, त्याच्या हाती पाना दिला तर तो नेमच धरणार.

"निळी नळी दिसतेय, सर?"

"दोन निळ्या आहेत."

"जाड निळी."

"दोन्ही जाड आहेत. माझ्यासारख्या."

"दाबाच्या घड्याळाच्या खालची. तिच्या मुळाशी झडप आहे. हलक्या हाताने, अगदी हलक्या हाताने, डावीकडे फिरवा."

तिकडे जोर लावल्याचं हुं हुं ऐकू आलं. मग खट्ट आवाज.

"डर्व्हला?"

"काय तुटलं?"

"ते हातात आलंय त्याला काय म्हणतात?"

"त्याला झडप म्हणतात, सर."

"हं. चांगली घट्ट बसवली होती हो कुणीतरी."

"मी बसवली होती."

शनिवारी सकाळी प्रेंडरगास्टांचा फोन आला. आवाजात कोवळं ऊन पडलेलं. मार्ग सापडला होता.

"सार्जंट, आम्ही सगळं बारकाईने वाचलं. नियम सांगतो की तेरावा सैनिक पाठवायचा नाही. पण सैनिक रजेवर असेल तर त्याला कुणी पाठवलेलंच नसतं! तो आपल्या खुशीने कुठेही जाऊ शकतो. स्पेन, पोर्तुगाल…"

"निर्वासितांची छावणी."

"आवड ज्याची त्याची. तुमच्या नावावर चौदा दिवस मंजूर दिसतायत. ते पाच जुलैऐवजी आजपासून धरले, की तुम्ही पर्यटक. रेघ खुशाल ओलांडा."

डर्व्हला खुर्चीवरून उठली. "मला दोन दिवस पुरतील. दोनच धरा."

"ते जमायचं नाही. चौदा सलग मंजूर झालेत. अलीकडे सरकवता येतात, तोडता येत नाहीत."

"आणि मी सही केली नाही तर?"

"कुणाचीही जबरदस्ती नाही, सार्जंट. तसं कसं? आम्ही तर काही सांगितलंच नाही. तुम्ही गुरुवारपर्यंत तिथेच प्रशिक्षण घ्या. गुरुवारी इथून निर्णय होईलच."

म्हणजे देश तिला पाठवणार नव्हता, नाही म्हणणार नव्हता, आणि पाणी आलं तर श्रेयही नाकारणार नव्हता. तटस्थ देश आपल्याच माणसाशीसुद्धा किती कसोशीने तटस्थ राहतो, ह्याचा अनुभव डर्व्हला पहिल्यांदाच घेत होती.

तिने फिन्टनला फोन लावला. पडद्यावर आधी नेसाची जीभ आली, मग दोन खालचे दात, मग अंधार. पोरीने फोन तोंडात घातला होता. फिन्टनने तो सोडवून घेतला. डर्व्हलाने सगळं सांगितलं. मागे धुलाईयंत्र घरघरत होतं.

"चौदाच्या चौदा?" तो शेवटी म्हणाला.

"चौदाच्या चौदा. वर्ष संपेपर्यंत मग एकही नाही."

"आणि हे लोक तुला परत देणार नाहीत."

"नाहीत. आत्ताच सांगते, नाहीत."

"तू मला विचारतेयस, की सांगतेयस?"

"मला माहीत नाही रे. तू नको म्हणालास तर मी राहीन. खरंच राहीन. मला म्हण ना नको."

"वा! म्हणजे पोरं तिकडे तहानेने तळमळली तर ते माझ्या डोक्यावर?" तो चिडला होता, आणि कुणावर चिडावं ते त्याला सापडत नव्हतं. "मी 'नको' म्हणणार नाही आणि 'जा'ही म्हणणार नाही. चौदा दिवस तुझे आहेत, टूहीबाई."

"तूही तटस्थ?"

"गप बस." तो हसला नाही, पण आवाज उतरला. "कॅरॅव्हॅनवाल्याला मी कळवतो. आणि ऐक, तुझ्या आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार. मला जगायचंय."

तिने सही केली. चौकीतल्या टेबलावर, फोनच्या पडद्यावर, बोटाने. कारणाच्या रकान्यात प्रेंडरगास्टांनी आधीच भरून ठेवलं होतं: कौटुंबिक सहल.

आता नवीनच अडचण. पर्यटक गणवेशात कसा चालेल? बॅगेत गणवेशाखेरीज होती फक्त फिन्टनची केरीच्या संघाची जर्सी, हिरवी-पिवळी, झोपताना घालायला आणलेली, कॉलरवर नेसाच्या गाजराचा डाग. डर्व्हला स्वतः टिपररीची. फुटबॉलमधल्या प्रतिस्पर्धी केरीची जर्सी घालून ती चारचौघांत मिरवली असती, तर तिच्या गावात लोकांनी मान वळवली असती. तिने ती घातली आणि रेघ ओलांडली. आकाश कोसळलं नाही. युरोपचा समतोल ढळल्याचंही कुठे दिसलं नाही.

कल्हेन स्वागताला उभा होता. "बाई, आपलं स्वागत असो. आमच्याकडे बघण्यासारखं खूप आहे. चिखल आहे, रांगा आहेत. आणि ही केरीची जर्सी बघून माझ्या डोळ्यांना त्रास होतोय, पण पाहुण्यांना बोलायचं नसतं."

"यंत्र कुठंय, सर?"

"यंत्र लष्करी मालमत्ता. पर्यटकाला हात लावू देता येत नाही." त्याने खिशातून पाना काढून तिच्या हातात दिला, आणि बैलासारखी आपली पाठ वळवली. "मी आपला नदी बघतो. सुंदर आहे हो नदी. तासभर तरी बघत बसेन म्हणतो."

तासाने काम झालं नाही. सहा तास लागले. कल्हेनने तोडलेली झडप तिने इटलीवाल्यांच्या कॉफीयंत्राचा तुकडा घासून बसवली, त्याबद्दल इटलीवाल्यांनी आयर्लंडशी संबंध जवळजवळ तोडले. गाळण्या चिखलाने भरल्या होत्या. त्या एकेक काढून धुतल्या, उलट्या फिरवून पुन्हा बसवल्या. दुपारी साडेतीनला नळातून आधी हवा आली, मग तपकिरी, मग पांढुरकं, आणि मग नुसतं पाणी. डर्व्हलाने ते तपासलं, पुन्हा तपासलं, मग स्वतः एक पेला प्यायली. ल्यूबाने बादली पुढे केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे रांग होती आणि रांगेला घाई होती.

दोन दिवसांत परत जाता आलं असतं, असं कुणाला वाटेल. तिलाही रविवारी तसंच वाटलं होतं. पण नदी वर कुठेतरी पावसाने फुगली होती, दर चार तासांनी गाळण्या तुंबत, आणि बारांमधल्या कुणालाही त्या हाताळता येत नव्हत्या. कल्हेनला तर तिने यंत्राच्या दहा पावलांच्या आत फिरकू दिलं नाही. गुरुवारचं विमान आलं, पण दुसरा जाणकार आला नाही, कारण टायग अजून खाटेवर म्हणून बेरीज अजून बारा, आणि यंत्र चालू असताना कुणाला परत बोलवायची गरज वरच्या ऑफिसला दिसेना. ती रोज एकाला शिकवत गेली. रोज तीनदा दूध काढत गेली. ते ल्यूबा नेत गेली. त्या अठरा दिवसांच्या पोराला गालावर मांस चढायला लागलं. डर्व्हलाने त्याला एकदाच पाहिलं. मुद्दाम परत पाहिलं नाही. नेसा रोज फोनवर दिसायची. दहाव्या दिवशी ती पडद्याकडे बघून हसली नाही. फिन्टन म्हणाला, "अगं, झोप आलीय तिला." नेसाला झोप आली की ती नाक चोळते. त्या दिवशी नाक चोळत नव्हती.

बाराव्या दिवशी मायदेशाहून एक मंत्रिमहोदय आले. छावणी पाहिली, पाणी प्यायले, बाटलीतलं. मग भाषण झालं. देश छोटा पण हृदय मोठं, तटस्थता म्हणजे निष्क्रियता नव्हे, आपले हे बारा शूरवीर वगैरे. मग फोटो ठरला. यंत्रासमोर अकरा जण ओळीने उभे राहिले आणि टायगला चाकाच्या खुर्चीतून आणून मध्ये ठेवला, पोटावर पट्टी, चेहरा पाण्यात टाकलेल्या पिठासारखा. फोटोवाल्याला दुसऱ्या गाडीत बसवून पुढे पाठवलं होतं, तो चुकून इटलीच्या तंबूत जेवायला गेलेला. मंत्र्यांनी इकडेतिकडे पाहिलं. केरीची जर्सी घातलेली एक बाई हात पुसत उभी होती.

"बाई, जरा आमचा फोटो काढाल का?" ते गोड हसून म्हणाले. "केरीच्या का? वा, वा. सुट्टीवर आलात?"

"हो," डर्व्हला म्हणाली. "यंदाच्या सगळ्या सुट्टीवर."

टायगने मान खाली घातली. कल्हेनने पुन्हा नदी बघायला सुरुवात केली. तिने फोटो काढला. चांगला आला. सगळे नीट दिसत होते, यंत्रही.

घरी पोचली तेव्हा रविवारची दुपार होती. फिन्टनने दार उघडलं, नेसा त्याच्या कडेवर. डर्व्हलाने हात पसरले. नेसाने तिच्याकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन, वरच्या ऑफिसने अर्ज वाचावा तसं. आणि तोंड फिरवून बापाच्या मानेत खुपसलं.

"वेळ दे तिला," फिन्टन पुटपुटला.

"वेळच तर नाहीये माझ्याकडे," डर्व्हला म्हणाली. तेवढ्यावर ती तशीच बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसली, आणि चौदा दिवसांत रडली नव्हती, ती तिथे रडली. सोमवारी सकाळी आठला तिला कार्यशाळेत हजर व्हायचं होतं.

रजा परत मिळावी म्हणून तिने अर्ज केला. प्रेंडरगास्टांचं उत्तर चार दिवसांत आलं, ह्या कामात एवढी तत्परता त्यांनी कधी दाखवली नव्हती. सहलीचा आनंद लुटल्यानंतर रजा परत करण्याची तरतूद नाही. मोहिमेवरून परतणाऱ्यांना एकवीस दिवसांची विश्रांतीची रजा आणि पदक मिळतं हे खरं, पण ते मोहिमेवर गेलेल्या बारांना. सार्जंट टूही मोहिमेवर गेल्याची कुठेही नोंद नाही. ता. क. प्रशिक्षणाचा अहवाल अजून आलेला नाही.

त्याच आठवड्यात मोहिमेची मुदत संपून बाराही जण परतले, आणि शनिवारी टायग दारात उभा राहिला. पोट धरून, हळूहळू चालत, हातात आईने भाजलेला पाव आणि खिशात पदक.

"हे घे," त्याने पदक पुढे केलं.

"वेडा आहेस का? ठेव ते."

"मी सगळी मोहीम पाठीवर झोपून काढली गं. नर्सने भरवलेलं सूप प्यायलो. आणि आता एकवीस दिवस विश्रांती! कशाची विश्रांती? अजून झोपलो तर पाठीला मूळ फुटेल."

"तुझी रजा तू घे, टायग. मला देता येत नाही ती. विचारून झालंय."

"देत नाहीये. ऐक तर." तो खुर्चीत बसला, कण्हला, आणि चहा पुढ्यात आल्यावरच बोलला. "कल्हेनने रजा घेतलेली नाही, सोमवारी सकाळी तो नेहमीसारखा कार्यशाळेत येणार. काय करणार? मोजणार. किती जण पाहिजेत?"

"सहा."

"तो नावं वाचतो?"

"कधीच नाही. चष्मा कुठे असतो त्याचा?"

"मग झालं तर. सोमवारी तू नसशील, मी असेन. एक बाहेर, एक आत, बेरीज सहा. बसल्या जागी दाबाची घड्याळं तपासायला पोट लागत नाही. चौदा दिवस."

"आणि कल्हेनने ओळखलं तर?"

टायगने पावावर लोणी फासलं. "कुणी सुचवलं असं वाटतं तुला? काल घरी आला होता. अर्धा तास खिडकीतून आमची गटारं बघत बसला, आणि गटारांकडे बघतच हे सगळं बोलला. म्हणाला, मी काही सांगितलेलं नाही."

फिन्टनने टेबलावर हात आपटला. "मग तू इथे बसलीयस काय? तंबू माळ्यावर आहे."

कॅरॅव्हॅन कधीच डब्लिनच्या एका कुटुंबाकडे गेली होती. इंचच्या किनाऱ्यामागे एका शेतात त्यांनी तंबू ठोकला. वारा असा, की खुंट्या तीनदा उपटल्या. नेसा गेला आठवडाभर आईकडे नुसती बघत होती. कडेवर यायची, पण एक हात बापाकडे पसरलेला ठेवून.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. भरती उतरली होती, वाळू लांबवर ओली चकचकत होती. डर्व्हलाने नेसाला घेऊन सरळ पाण्यात पाय घातले. पाणी बर्फासारखं. एक लाट आली, पोरीच्या पावलांना लागली, आणि नेसाने श्वास रोखला. मग असा टाहो फोडला की दूरचे कुत्रे थांबले. वळली. दोन्ही हातांनी, दोन्ही मुठींनी आईची जर्सी घट्ट पकडली, नाक तिच्या गळ्याला लावलं, चोळलं, पुन्हा चोळलं.

"बाहेर आण तिला, घाबरलीय!" फिन्टन ओरडला.

"आणते," डर्व्हला म्हणाली, आणि हलली नाही. दुसरी लाट येत होती. मुठी आणखी आवळल्या.

"अगं, आणतेयस ना?"

"आणते रे. अजून अकरा दिवस आहेत."